मनी प्लांट : बाटलीतला आणि झाडावरचा

मनी प्लांट कधीच न पाहिलेला मराठी माणूस सापडणं कठीण, आणि पूर्ण वाढलेला मनी प्लांट ओळखणारा सापडणं त्याहून कठीण. शोकेसवरच्या बाटलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत, दवाखान्याच्या काउंटरवर, बँकेच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या हिरव्या-पिवळ्या पानांची ही वेल आपण रोज बघतो. पण मुंबईतल्या एखाद्या जुन्या सोसायटीत किंवा कोकणातल्या वाडीत नारळाच्या खोडावर चढलेली, हात हात लांब, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरलेल्या पानांची वेल दाखवली, तर पाहणारा हमखास विचारतो, "ही कुठली हो?" ती तीच असते. कुणीतरी कधीतरी कुंडीतला वाढलेला फाटा झाडाच्या बुंध्याशी खोचून दिलेला असतो, बाकीचं काम वेलीनं आपलं आपण केलेलं असतं.

ही पुस्तिका या एकाच वेलीविषयी आहे. इतक्या साध्या झाडावर लिहायचं काय, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. पाणी घातलं की वाढतं, नाही घातलं तरी मरत नाही, संपली गोष्ट! माझं म्हणणं एवढंच आहे की 'मरत नाही' आणि 'वाढतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या घरांतले बहुतेक मनी प्लांट फक्त मरत नाहीत. या वेलीची सोशिकता आपण तिची आवड समजून बसलो. तिला अंधार चालतो म्हणून अंधारात ठेवली, पाण्यात तग धरते म्हणून वर्षानुवर्षं पाण्यात ठेवली, छोटी दिसते म्हणून जातच छोटी असं ठरवून टाकलं. प्रत्यक्षात घरात आपण पाहतो ती तिची बाल्यावस्था असते, आणि आपण तिला त्या अवस्थेतून बाहेर पडूच देत नाही.

वनस्पतिशास्त्रातलं तिचं नाव एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ गाव प्रशांत महासागरात, फ्रेंच पॉलिनेशियातल्या सोसायटी द्वीपसमूहात ताहितीच्या शेजारी असलेलं मूरेआ हे छोटं बेट. बरीच वर्षं तिला सॉलोमन बेटांची म्हणत, अजूनही काही पुस्तकांत तसंच छापलेलं दिसेल. युरोपातल्या काचगृहांत ती एकोणिसाव्या शतकात पोचली आणि 1880 मध्ये तिचं पोथॉस ऑरियस असं बारसं झालं. इंग्रजी बोलणारे लोक आजही तिला पोथॉस म्हणतात ते त्या जुन्या नावावरून. पुढे 1908 मध्ये तिला सिंडॅप्सस या प्रजातीत नेऊन बसवलं. या ढकलाढकलीचं कारण असं, की या कुळातल्या वेलींची नीट ओळख फुलावरून पटते, आणि ही बाई फुलतच नव्हती. 1962 मध्ये एका वेलीला फूल आल्याचं नोंदलं गेलं, तेव्हा तिला तिसऱ्याच प्रजातीत घातलं, आणि 1964 मध्ये आणखी बारकाईनं पाहून आजचं नाव दिलं गेलं.

फूल का येत नाही, याचं उत्तर मिळायला 2016 साल उजाडावं लागलं. फुलोरा धरण्यासाठी झाडाला जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं, आणि ते तयार करण्याच्या साखळीतली एक कडी या वेलीत तुटलेली आहे. ते तयार करायला लागणारं एक जनुक तिच्यात नीट काम करत नाही. संशोधकांनी बाहेरून जिबरेलिन फवारलं तेव्हा तिला फुलं आली. म्हणजे क्षमता आहे, फक्त हुकूम पोचत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष घरच्या बागवानाला फार जवळचा आहे. फूल नाही म्हणून बी नाही, बी नाही म्हणून जगभर पसरलेले मनी प्लांट छाटकलमांवरच वाढलेले आहेत. तुमच्या घरातली वेल कुणाच्या तरी वेलीचा तुकडा आहे, ती आणखी कुणाच्या वेलीचा. मनी प्लांट विकत न आणता शेजाऱ्याच्या बाल्कनीतून चोरून आणला तरच फळतो, असं आपल्याकडे मानतात. त्यातल्या फळण्याबद्दल मी काही बोलत नाही, पण एक फाटा मोडून आणणं हाच या झाडाचा वंश पुढे जाण्याचा रस्ता आहे, हे खरं. चोरायचाच तर नीट चोरा. नुसतं पान देठासकट आणून पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटलेली दिसतील, पण त्यातून वेल होणार नाही. पान जिथे खोडाला जुळतं ते पेर सोबत हवं, कारण नवा कोंब फुटायचा डोळा तिथेच असतो आणि हवाई मुळाची तपकिरी गाठही तिथेच. दोन-तीन पेरांचा तुकडा, खालचं पान काढून, पेर पाण्यात बुडेल असा ठेवला की उबदार हवेत पंधरवड्यात मुळं दिसू लागतात. पावसाळा यासाठी उत्तम.

आता चढण्याविषयी, कारण या पुस्तिकेचा जीव त्यात आहे.

ही वेल पावसाळी जंगलातली. तिचं आयुष्य जंगलाच्या तळाशी सुरू होतं, जिथे ऊन जेमतेम पोचतं. तिथे तिला एकच ध्यास असतो, एखादं खोड गाठायचा. तिच्याच कुळातल्या मॉन्स्टेराच्या एका जातीवर कोस्टारिकात झालेला अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या जातीची रोपं उजेडाकडे न जाता उलट सगळ्यात गडद अंधाराकडे सरपटत जातात, असं त्यात दिसलं, कारण जंगलात सगळ्यात गडद दिसतं ते जवळच्या मोठ्या झाडाचं खोड. खोड सापडलं की वेल उभी होते, पेरापेरातून मुळं सोडून सालीला घट्ट धरते, आणि मग उजेडाच्या दिशेनं चढते. जसजशी चढते तसतसं प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येतं. मनी प्लांट असा वीस मीटरपर्यंत जातो, आणि वरची पानं मीटरभर लांब, चिरलेली होतात.

उलट वेल खाली लोंबू लागली की नेमकं याच्या विरुद्ध घडतं. पेरांमधलं अंतर वाढतं, पानं लहान होत जातात, बुडखा बोडका पडतो. आधार सुटलेल्या वेलीला पानावर खर्च परवडत नाही, तिला पुढे सरकून दुसरं खोड शोधायचं असतं. आपण मात्र तिला शिंकाळ्यातल्या कुंडीत लोंबत ठेवतो, नाहीतर सुतळीनं दारावरून, पडद्याच्या दांडीवरून, ट्यूबलाइटमागून आडवी फिरवतो, आणि वर्षाला पाच फूट वाढली म्हणून कौतुक करतो. ती वाढ नाही, शोधाशोध आहे. दिसायला छान दिसते, हे मान्य. लोंबती वेल आवडत असेल तर जरूर ठेवा, फक्त वर्षातून दोनदा निम्म्यावर छाटा आणि छाटलेले तुकडे त्याच कुंडीत लावा, म्हणजे बुडखा भरलेला राहील.

मोठी पानं हवी असतील तर मात्र वेलीला ओलसर, खरबरीत, उभा आधार द्यावा लागतो. नर्सरीत मॉस स्टिक म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पाइपभोवती गुंडाळलेला काथ्या असतो. चालतो, पण काथ्या ओला राहिला तरच. कोरड्या काठीला हवाई मुळं चिकटत नाहीत, मग आपण वेल दोऱ्यानं बांधतो आणि वेल तिथे नुसती बांधलेली राहते, चढत नाही. जाळीच्या नळीत भिजवलेलं स्फॅग्नम मॉस भरून केलेला खांब जास्त चांगला, कारण त्यात मुळं आत शिरतात. नारळाच्या सोडणांनी भरलेली जाळीही कोकणात मी पाहिली आहे. फुकट, टिकाऊ आणि ओल धरणारी.

उजेडाबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. 'घरात कुठेही ठेवा' हा नर्सरीवाल्याचा ठरलेला सल्ला. जिथे दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो तिथे ही वेल बरी राहील. जिथे येत नाही तिथे ती साठवलेल्यावर दिवस काढेल. पूर्वेची खिडकी सर्वोत्तम, उत्तरेची चालेल, पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे पडदा हवा, नाहीतर पानांवर कोरडे तपकिरी डाग पडतात. पानावरचा पिवळा-पांढरा भाग हरितद्रव्याविना असतो, तो अन्न बनवत नाही. म्हणून जितकी पांढरी वेल, तितका जास्त उजेड हवा. मार्बल क्वीन किंवा एन-जॉय या वाणांच्या वेली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या तर नवी पानं हिरवी येऊ लागतात. ती तक्रार असते. (यातला एन-जॉय हा वाण मार्बल क्वीनच्या रोपांतून भारतातच सापडला आणि पुढे त्याचं अमेरिकेत पेटंट झालं, हे तो महाग परदेशी वाण म्हणून विकत घेणाऱ्यांना माहीत नसतं.)

वास्तुशास्त्रवाले मनी प्लांट आग्नेयेला ठेवायला सांगतात. ज्यांना पटतं त्यांनी ठेवावा, पण आग्नेयेला तुमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा पॅसेज येत असेल तर दिशेपेक्षा उजेड मोठा समजावा.

पाणी आणि माती यांत खरं तर एकच नियम आहे: मुळांना हवा हवी. खोडाला बिलगणाऱ्या वेलीची मुळं उघड्यावर असतात, पावसात चिंब होतात आणि लगेच वाळतात. त्यांना बागेतली चिकट लाल माती भरलेली, भोक बुजलेली प्लास्टिकची कुंडी मिळाली की कुजणं आलंच. माझा अनुभव असा की घरातले मनी प्लांट तहानेनं क्वचितच मरतात, बहुतेक मरतात ते प्रेमानं घातलेल्या रोजच्या तांब्याभर पाण्यानं. मिश्रण भुसभुशीत करा: कोकोपीट, जुनं शेणखत किंवा गांडूळखत, आणि पाणी निथळून जावं म्हणून परलाइट, नाहीतर विटेचा चुरा. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून पाहा, कोरडं लागलं तर पाणी घाला, आणि घालाल तेव्हा खालून वाहेपर्यंत घाला. पानं मऊ पडून किंचित खाली झुकली तर वेल तहानलेली आहे. पानं पिवळी पडून माती ओलीच असेल तर पाणी थांबवा. ही दोन लक्षणं ओळखता आली की निम्मं काम झालं. खत फार लागत नाही. बाजारात मिळणारं पाण्यात विरघळणारं 19:19:19 वापरणार असाल तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि तेही वाढीच्या दिवसांतच. पुण्या-नाशिकच्या थंडीत वेल थबकते, तेव्हा खत बंद आणि पाणी निम्मं. विदर्भात उन्हाळ्यात कूलर चालतो त्या खोलीत तिला दमट हवा मिळते, फक्त वाऱ्याचा झोत थेट पानावर नको. एसीची कोरडी हवा तिला तितकी मानवत नाही.

बाटलीतल्या मनी प्लांटविषयी मी या पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, आणि ते काहींना कडक वाटेल. रंगीत बाटलीत दोन फाटे ठेवायला माझी हरकत नाही. पारदर्शक बाटलीत ऊन शिरून शेवाळ होतं, म्हणून रंगीत बरी. नुसत्या नळाच्या पाण्यात अन्नद्रव्यं नसल्यात जमा, म्हणून वेल वर्षानुवर्षं तेवढीच राहते, हेही कुणाला सोयीचं असेल. प्रश्न डासाचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घरातल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून पंखवाला डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात घरोघरी येतात तेव्हा मनी प्लांटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या बशा आधी तपासतात, ते उगीच नाही. आठवड्याला पाणी बदलायचं हे बहुतेकांना माहीत असतं. पण या डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने जगतात. नुसतं पाणी ओतून नवं भरलं की तीच अंडी पुन्हा भिजतात. बाटली आतून घासायला हवी, ब्रशनं, दर आठवड्याला. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नसेल तर ती बाटली या कामाची नाही. हे करायला जमत नसेल तर वेल मातीत लावा. कुंडीखालची बशीही त्याच दिवशी रिकामी करून घासा.

आता हवा शुद्ध करण्याचा दावा. रोपविक्रेत्यांच्या पाट्यांवर, दिवाळीच्या भेटींवर हा मजकूर असतोच, आणि त्याला नासाचं नाव जोडलेलं असतं. नासासाठी बिल वूल्व्हर्टन यांनी केलेला अभ्यास 1989 चा. त्यात मनी प्लांट होता, आणि हवेतलं बेंझिन, फॉर्मल्डिहाइड कमी झालेलंही दिसलं. पण ते बंदिस्त, छोट्या पेटीत. तुमच्या घरात खिडक्या-दारांच्या फटींतून हवा सतत ये-जा करते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा निघालं की इमारतीच्या हवा-पालटाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. हजार कुंड्यांच्या मधोमध राहायचं की खिडकी उघडायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न! दुसरा पुरावा आणखी बोलका आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात 2018 मध्ये सशाचं एक जनुक घालून मनी प्लांट तयार केला गेला. त्यानं बंद कुपीतलं क्लोरोफॉर्म तीन दिवसांत 82 टक्क्यांनी कमी केलं. शेजारच्या कुपीतल्या आपल्या साध्या मनी प्लांटनं मात्र त्याला हातही लावला नव्हता. वेल हवेसाठी आणू नका. हिरवं पान डोळ्यांसमोर असावं, एवढं कारण तिला पुरेसं आहे.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी. मनी प्लांट अळूच्या कुळातला आहे, सुरणही त्याच कुळातलं. अळू खाजतं ते ज्या सुईसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे, तेच याच्या पानात आणि देठात आहेत. अळूच्या फदफद्यात आपण चिंच किंवा आमसूल घालतो, चांगलं शिजवतो. मुलानं चावलेल्या कच्च्या पानाला तसली काही सोय नसते. तोंडात आग, लाळ, सूज, आणि पुष्कळ रडारड होते. सहसा जिवावर बेतत नाही, पण तोंड धुऊन डॉक्टरांना दाखवावं, आणि मांजराचं, कुत्र्याचं असेल तर पशुवैद्यांना. छाटणी करताना चीक हाताला लागला तर काहींना खाज सुटते, हात धुवावेत. किडींचं म्हणाल तर पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी हे या वेलीचे नेहमीचे पाहुणे. पान मागून पाहायची सवय ठेवली आणि ओल्या फडक्यानं महिन्याकाठी पुसलं, तर औषधाची वेळ सहसा येत नाही. आली तर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब पुरतात.

पुस्तिकेची रचना सोपी आहे: आधी छाटकलम, मग माती-पाणी, मग आधार, शेवटी रोग-किडी आणि वाण. कुठूनही सुरुवात केलीत तरी चालेल, पण आधाराचं प्रकरण वगळू नका. सह्याद्रीत याच कुळातली, छिद्रांच्या पानांची राफिडोफोरा पर्टुसा ही वेल झाडांवर चढलेली दिसते. जमलं तर पावसाळ्यात एकदा ती पाहून या. मनी प्लांटला घरात काय हवं आहे, ते तिथे दहा मिनिटं उभं राहिलं तरी समजतं.

आणि एक विनंती. ही वेल तुकड्यावर जगते, हे वर आलंच आहे. श्रीलंकेत, हवाईत, फ्लोरिडात बागेतून सुटलेल्या वेलीनं जंगलांत शिरून जमीन आणि झाडं झाकून टाकली आहेत, आणि तिथे ती उपद्रवी म्हणून नोंदली गेली आहे. आपल्या कोकणातली आणि गोव्यातली हवा तिला त्या जागांइतकीच मानवणारी आहे. छाटलेले फाटे कुणाला द्या, वाळवून ओल्या कचऱ्यात घाला, पण नाल्यात, टेकडीवर, देवराईच्या कडेला टाकू नका.